नवे लिनक्स कर्नल बसवल्यावर 'क्रॅश' हे टूल डम्प का उघडत नाही?

आपल्या सर्व्हरवर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बदलल्यानंतर केडम्प ही व्यवस्था पूर्वीसारखाच डम्प, म्हणजे कर्नल कोसळतानाच्या मेमरीची प्रत, लिहितो, पण 'क्रॅश' तो वाचताना चूक दाखवून थांबते, असे आपण लिहिले आहे. अशा वेळी डम्प बहुधा ठीक असतो. जुने झालेले असते ते टूल.

कर्नल पॅनिक झाले (न सावरता येणाऱ्या चुकीमुळे थांबले) की राखीव मेमरीत दुसरे कर्नल सुरू होते आणि मेकडम्पफाइल हे टूल पहिल्या कर्नलच्या मेमरीतील अनावश्यक पाने गाळून बाकीची डिस्कवर उतरवते. त्या बाइट्सचा अर्थ मात्र 'क्रॅश'ला लावावा लागतो. एखादे फील्ड (कर्नलच्या स्ट्रक्चरमधला, म्हणजे माहितीच्या साच्यातला, एक कप्पा) कुठे आहे हे व्हीएमलिनक्स या कर्नलच्या मूळ फाइलमधील डीबग माहिती सांगते, पण कोणत्या नावाचे फील्ड शोधायचे हे 'क्रॅश'च्या स्वतःच्या कोडमध्ये लिहिलेले असते. लिनक्समध्ये सिस्टिम कॉल कसोशीने जपले जातात. आतल्या स्ट्रक्चर्सबाबत तशी कोणतीही हमी नाही.

2021 मधील 5.14 आवृत्तीत टास्क_स्ट्रक्ट या प्रोसेसची माहिती ठेवणाऱ्या स्ट्रक्चरमधल्या 'स्टेट' या फील्डच्या नावापुढे दोन अंडरस्कोअर लागले आणि तेवढ्यानेच जुन्या 'क्रॅश'ला प्रोसेसची स्थिती सापडेनाशी झाली. त्याआधी 5.10 मध्ये प्रिंटके या कर्नलचे संदेश नोंदवणाऱ्या फंक्शनच्या लॉग बफरची रचनाच बदलली होती. पण तेव्हा बदल करणाऱ्यांनीच 'क्रॅश' आणि मेकडम्पफाइल या दोहोंसाठी पॅच दिले आणि नव्या रचनेतील फील्ड्सचे ऑफसेट (त्यांच्या जागा) व्हीएमकोअरइन्फोमध्ये, म्हणजे कर्नल स्वतः डम्पसोबत ठेवते त्या टिपणात, घातले. माझ्या मते हीच योग्य रीत आहे, कारण टूल सांभाळणाऱ्यांना असे बदल एरवी तक्रार आल्यावरच कळतात.

आपण कर्नलबरोबर ही दोन्ही टूल्स अद्ययावत करावीत आणि वापरातील प्रत्येक कर्नलचे डीबग माहितीसह व्हीएमलिनक्स, त्याच बिल्डचे, जपून ठेवावे. नुसता आवृत्ती क्रमांक जुळून भागत नाही. त्यानंतर चाचणीच्या मशीनवर (चालू सर्व्हरवर अर्थातच नव्हे) सिसआरक्यू-ट्रिगर या कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या फाइलमध्ये 'सी' लिहून कर्नल मुद्दाम पाडावे. येथे उत्तर आधीच ठाऊक असते: 'क्रॅश'च्या 'बीटी' आज्ञेत (फंक्शन कॉलच्या साखळीत) सिसआरक्यू_हँडल_क्रॅश हे फंक्शन दिसले पाहिजे, 'पीएस'मध्ये (प्रोसेसच्या यादीत) पाडण्याची आज्ञा देणारे शेल सापडले पाहिजे आणि 'लॉग'च्या शेवटी पॅनिकचा संदेश असला पाहिजे. टूल चूक दाखवून थांबले तर निदान कळते तरी. खरे वाटेल असे चुकीचे उत्तर त्याने दिले, तर ते केवळ या पडताळणीतच पकडता येते. डम्प तयारच झाला नाही, तर क्रॅशकर्नलसाठी, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या कर्नलसाठी, राखलेली मेमरी नव्या कर्नलला पुरते का, हे प्रथम तपासावे.