खिडकीपुढचं आकाश विकत घ्यावं का?

प्रश्न: ब्रुकलिनमध्ये सहाव्या मजल्यावर आमचा काँडो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, आहे. शेजारी दुमजली लॉन्ड्री. मालक म्हणतात, बिल्डर मागे लागलाय, पण 8 लाख 40 हजार डॉलर दिलेत तर एअर राइट्स, म्हणजे लॉन्ड्रीवर आणखी बांधायचा हक्क, तुम्हालाच विकतो. पुढच्या बाजूच्या घरांनी हात वर केले, त्यामुळे रक्कम आम्हा सात घरांवर आली. प्रत्येकी 1 लाख 20 हजार. शिल्लक 70 हजार आहे आणि मुलगी तीन वर्षांत कॉलेजला जाईल, म्हणून सगळी रक्कम हेलॉकवर, म्हणजे घरावर कर्ज काढून, उचलायची म्हणतोय. ठाण्याचे सासरे निवृत्त वकील आहेत. ते म्हणतात, वीस वर्षं उजेड येतोय, आता कोण अडवतो?

उत्तर: सासऱ्यांचं म्हणणं ठाण्यात ऐकून तरी घेतलं असतं. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम 15 खाली 20 वर्षं अखंड मिळालेल्या उजेडावर हक्क सांगता येतो. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मात्र हा जुना इंग्रजी नियम 1838 मध्येच फेटाळला. तुमची खिडकी शंभर वर्षं उघडी असली तरी शेजारी नियमात बसेल तेवढं बांधणार. आणि नुसत्या देखाव्यावर हक्क तर ठाण्यातही नाही.

तुम्ही पाठवलेला मुलीच्या खोलीचा फोटो मी मोठा करून पाहिला. काचेत बारीक तारेची जाळी, लोखंडी चौकट, वर स्प्रिंकलरचं तोंड. ही हद्दीवरची खिडकी, लॉट-लाइन विंडो. शेजाऱ्याची भिंत वर आली की ती बुजवायची, आणि तीही सहसा आपल्याच खर्चाने. बेडरूमला कायद्याने लागणारा उजेड-वारा अशा खिडकीतून सहसा धरतच नाहीत. घर घेतानाचा ऑफरिंग प्लॅन, म्हणजे विक्रीच्या वेळचा माहितीचा दस्त, काढून बघा. त्या खोलीवर 'होम ऑफिस' लिहिलेलं असेल, अशी माझी पैज. म्हणजे तुम्ही जी बेडरूम वाचवायला निघालात, ती कागदावर बहुधा कधी नव्हतीच.

आता हिशेब. ब्रोकरने तुम्हाला सांगितलं, आज 11 लाख, खिडकी बुजली तर 9 लाख 20 हजार. नुकसान 1 लाख 80 हजार, पण शेजारी इमारत उभी राहिली तरच. ती शक्यता अर्धी धरली तर जोखमीची किंमत 90 हजार. उलट 1 लाख 20 हजारांवर 8 टक्क्यांनी महिना 800 डॉलर नुसतं व्याज. तुम्ही आणखी सात वर्षं राहणार म्हणता, त्यात 67 हजारांवर व्याज जाईल आणि मुद्दल तसंच. सातातलं एक घर फुटलं तर वाटा 1 लाख 40 हजार. करातही दिलासा नाही. हा खर्च घराच्या किमतीत धरता आला तरी तुमचा नफा जोडप्याला मिळणाऱ्या 5 लाखांच्या सवलतीत आधीच बसतो.

असे सौदे होतात, नाही असं नाही. 2019 मध्ये मॅनहॅटनच्या चेल्सीतल्या लॉफ्टवाल्यांनी शेजारचा टॉवर अडवायला 1 कोटी 10 लाख डॉलर मोजायची तयारी केल्याची बातमी गाजली होती. त्यांचे खिसे वेगळे!

पैशापेक्षाही मला खटकतो तो मालकांनी पाठवलेला दोन पानी मसुदा. त्यात फक्त एअर राइट्स आहेत. एअर राइट्स म्हणजे न वापरलेला एफएआर, आपल्या मुंबईवाल्यांचा एफएसआय. तो चटईक्षेत्र मोजतो, उंची नाही. शिल्लक सगळा एफएआर तुम्ही घेतलात तरी उद्या कोणी लॉन्ड्री पाडून तेवढंच क्षेत्र उभं, अरुंद रचू शकतो, नेमकं तुमच्या जाळीच्या काचेला टेकून. शिवाय नियम बदलतात. डिसेंबर 2024 मध्ये शहराने 'सिटी ऑफ येस' मंजूर केलं आणि परवडणारी घरं देणाऱ्यांना अनेक भागांत जादा क्षेत्र मिळालं. पुढे असंच काही झालं तर तो वाढीव हक्क कुणाचा, याबद्दल मसुद्यात अवाक्षर नाही. लॉन्ड्रीवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेची लेखी संमतीही हवी. नाहीतर जप्ती आली की तुमचा करार धुतला जाईल, आणि तोही लॉन्ड्रीतच.

म्हणून या भावाला, या मसुद्यावर, माझा नकार. पण बोलणी तोडू नका. तुम्हाला सगळं आकाश नकोय, खिडकीपुढचा पट्टा हवाय. मालकांना तेवढ्याच पट्ट्यावर उजेड-वाऱ्याचं ईझमेंट, म्हणजे सुविधाधिकार, आणि उंचीची मर्यादा मागा. बाकीच्या जागेवर त्यांनी खुशाल बांधावं किंवा बिल्डरला विकावं. त्यांना दोन्हीकडून पैसे मिळतात, म्हणून भाव उतरायला वाव आहे. संध्याकाळी छपरांवरून दिसणारा पूल जाईल, हे मान्य करावं लागेल. तुमचा वाटा 50 हजारांच्या आत आला आणि करार शहराच्या रजिस्टरमध्ये नोंदला जाणार असेल तरच पुढे जा. तेही निम्मे शिलकीतून, निम्मे कर्जाने.

वाटणीही समान नको. दुसऱ्या मजल्यावरच्या घरासमोर आजही लॉन्ड्रीची भिंतच आहे. त्यांनी तुमच्याइतकेच पैसे का द्यावेत? हा प्रश्न तेच विचारतील आणि गळतील, त्याआधी तुम्हीच मांडा.

आणि वकिलाची फी भरण्याआधी एक फुकटचं काम. मालकांकडे बिल्डरचं ऑफर लेटर मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली, तर अर्धी शक्यता मी धरलेली आहे, ती आणखी खाली आणा.