अमेरिकेतल्या लहान गावात स्वयंसेवी अग्निशमन दलाला महिनाभरात कसले कॉल येतात?

तुम्ही लिहिलंय की पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात नुकतेच राहायला आलात, फायर स्टेशनबाहेर 'स्वयंसेवक हवेत' अशी पाटी पाहिली, आणि तिथे खरंच किती आगी लागतात नि आपल्यासारख्याचा काही उपयोग होईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी याच राज्यातल्या एका गावात पाच वर्षं हे काम करतोय. गेल्या नोव्हेंबरची माझी वही समोर ठेवून सांगतो.

मी त्या महिन्यात ३१ कॉल लिहून ठेवले आहेत. त्यांतल्या आग म्हणाव्यात अशा दोनच.

बाकीचे म्हणजे माणसांचे कॉल. एकाच घरी आम्ही महिन्यात तीनदा गेलो, तिन्ही वेळा मध्यरात्रीनंतर. आजोबा बाथरूमला जाताना पडायचे आणि आजींना ते एकट्याने उचलवत नसत. ऐकायला सोपं वाटतं, पण आधी जमिनीवर त्यांच्या शेजारी बसायचं, डोकं आपटलं का, खुब्यात दुखतंय का, विचारायचं. खुब्यात कळ असेल तर हलवायचं नाही, पांघरूण घालून अँब्युलन्सची वाट पाहायची. तसं काही नसेल तर दोघांनी दोन बाजूंनी आधार देऊन आधी गुडघ्यावर, मग खुर्चीवर, मग पलंगावर. पहिल्या रात्री आजोबा सारखी माफी मागत होते. तिसऱ्या वेळी आम्ही पोचायच्या आत आजींनी दारातला गालिचा गुंडाळून ठेवला होता, आमच्या जड बुटांत अडकू नये म्हणून. पेटत्या घरात शिरण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने हे काम का करावं, असं मला एका मित्राने विचारलं होतं. त्या घरात दहा मिनिटांत पोचू शकणारं दुसरं कुणी नाही, म्हणून.

थंडी सुरू झाली की कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे कॉल येतात. उन्हाळाभर बंद असलेली, घर गरम ठेवणारी भट्टी लोक पहिल्यांदा चालू करतात, धूर बाहेर नेणारा पाइप कुठेतरी निखळलेला असतो किंवा तुंबलेला. या वायूला वास नाही, रंग नाही. बऱ्याचदा अलार्मची बॅटरी संपलेली निघते, पण आम्ही दर वेळी मीटर घेऊन प्रत्येक खोलीत जातोच. एका घरात सगळ्यांचं डोकं दुखत होतं आणि त्यांना वाटत होतं फ्लू आलाय. तुमच्या घरात हा अलार्म नसेल तर कृपा करून आजच आणा.

नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचा काळ, त्यामुळे संध्याकाळी गाडीवर हरीण आदळल्याचे कॉल ठरलेले. वादळाने तारांवर झाड पडलं की वीज कंपनीची माणसं येईपर्यंत रस्ता अडवून उभं राहायचं, कधी दोन तास, कधी चार. एका अपघातात हेलिकॉप्टर उतरवायला मका कापलेलं शेत पाहून जागा आखावी लागली. थँक्सगिव्हिंगच्या सणाला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, टर्की हा मोठा पक्षी अख्खा तळणाऱ्यांची काळजी असते. अमेरिकेत स्वयंपाकामुळे लागणाऱ्या आगी वर्षात सगळ्यांत जास्त त्याच दिवशी लागतात. नीट न वितळलेली टर्की उकळत्या तेलात सोडली की तेल उसळून खालच्या ज्योतीवर सांडतं. आपल्याकडे कढईतलं तेल पेटलं तरी हेच लक्षात ठेवायचं: पाणी अजिबात नको, गॅस बंद करा आणि वर झाकण सरकवा.

आता त्या दोन आगी.

पहिली धुराड्याची. ओलसर लाकडं जाळत राहिलं की धुराड्याच्या आतून डांबरासारखा थर साचतो, आणि एका रात्री तोच पेट घेतो. घरातल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं की भिंतीतून आगगाडी जातेय असा आवाज येतोय. अगदी तसाच असतो तो. तिथे पाण्याचा मारा करत नाहीत, कारण तापलेल्या धुराड्यावर एकदम पाणी पडलं की आतलं अस्तर तडकतं आणि आगीला भिंतीत शिरायला वाट मिळते. आम्ही शेगडीची हवा बंद केली, पेटती लाकडं लोखंडी बादलीतून अंगणात नेली. छपरावर गेलेल्या दोघांनी आग विझवायच्या कोरड्या पावडरीच्या छोट्या प्लॅस्टिक पिशव्या वरून आत सोडल्या. पिशवी वितळते, पावडर पसरते. मग तासभर उष्णता दाखवणारा कॅमेरा भिंतींवरून आणि माळ्यावरून फिरवत राहिलो. इथली घरं लाकडी सांगाड्याची, आत एक निखारा राहिला तर पहाटे पुन्हा पेटणार.

दुसरी आग मंगळवारी दुपारी दोन वाजता लागली, एका शेतातल्या शेडला. माझं खरं सांगणं याच आगीबद्दल आहे. पेजरवर कॉलचे टोन वाजले तेव्हा स्टेशनवर आम्ही चौघं पोचलो. आमचे पंचवीसेक जण त्या वेळी चाळीस-पन्नास मैलांवर आपापल्या नोकरीवर होते. मी घरून काम करतो म्हणून होतो. दोघं आत जाणार असतील तर दोघं बाहेर तयार हवेत, असा नियम आम्ही पाळतो. एक जण पंपावर गेला की हिशेब तिथेच संपला. गावाबाहेर हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारे रस्त्याकडेचे नळ, नाहीत. आमच्या बंबात १,००० गॅलन, म्हणजे साधारण ३,८०० लिटर पाणी असतं. एक नळी पूर्ण उघडली की ते सहा-सात मिनिटांत खलास. म्हणून शेजारच्या तीन गावांचे टँकर पहिल्याच हाकेला बोलावलेले असतात. रस्त्यावर ताडपत्रीचा हौद उघडायचा, टँकरने त्यात पाणी ओतायचं, ओढ्यावर जाऊन भरून परत यायचं. शेड गेली. शेजारचं घर आणि गोठा वाचला. पण पहिली दहा मिनिटं आम्ही चौघं फक्त घराची भिंत भिजवत उभे होतो, आणि शेतकरी शेजारी उभा राहून शेडकडे बघत होता. ते मला अजून जड जातं.

अमेरिकेतले सुमारे ६५ टक्के फायरफायटर स्वयंसेवक आहेत. आपल्या या राज्यात १९७० च्या दशकात ते तीन लाखांच्या आसपास होते, २०१८ च्या सरकारी अहवालात ३८ हजारांच्याही खाली आले होते. हे त्याच राज्यात घडतंय जिथे बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली. तिचे सभासद कातडी बादल्या आणि सामान बाहेर काढायच्या पिशव्या घरी तयार ठेवत. आमच्या गावाकडे उसाच्या फडाला आग लागली की तालुक्याहून बंब येईपर्यंत अख्खी आळी कळशा-बादल्या घेऊन धावायची, त्यामुळे मला ही पद्धत कधी परकी वाटली नाही.

तेव्हा तुमचा उपयोग आहे का? तुम्ही घरून काम करता असं लिहिलंय. मग आहेच, आणि खूप आहे. मास्क लावून आत जायचं प्रशिक्षण संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, कित्येक महिने चालतं. पण ते नको असेल तर टँकर चालवायला शिका, किंवा फायर पोलीस व्हा. पेनसिल्व्हेनियात अपघाताच्या जागी वाहतूक वळवणारे हे वेगळे स्वयंसेवक असतात, आमच्याकडचे तिघं सत्तरीच्या पुढचे आहेत. गाडीवर निळा दिवा मिळतो, पण त्याने सिग्नल तोडायची मुभा मिळत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगतात. घरच्यांशी मात्र आधी बोला. ताटावरून उठून जाणं माझ्या बायकोला पहिलं वर्षभर फार खटकायचं.

बहुतेक दलांचा आठवड्यातून एका संध्याकाळी सराव असतो. त्या वेळी गॅरेजची मोठी दारं उघडी असतात, सरळ आत जा आणि दुपारी कुणी येतं का, तेवढं विचारा.