लम्पीची भावकी शिकून पोट भरेल का?

सप्रेम नमस्कार,

खटाव तालुक्यातून आलेले आपले पत्र मिळाले. २०२२ मध्ये आपल्या गोठ्यातील खिलार गाय लम्पीने, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाने, आजारी पडली, तेव्हा गावातील निरोगी जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली, आणि ‘गाईला शेळीची लस कशी चालते?’ हा त्या वेळी मुलीला पडलेला प्रश्न ती बारावीत आली तरी सुटलेला नाही, असे आपण लिहिता. आता तिला अशा विषाणूंच्या जनुकांचाच अभ्यास करायचा आहे, आणि आपली विचारणा अशी, की यात पोट भरेल का, व पशुवैद्यकीय घ्यावे की बायोटेक्नॉलॉजी.

तिचा प्रश्न समजल्याशिवाय वाट ठरणार नाही, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो. लम्पी, मेंढ्यांची देवी आणि शेळ्यांची देवी यांचे विषाणू हे एका घरातील तिघे भाऊ आहेत. प्रत्येकाचा जनुकसंच, म्हणजे त्याच्या साऱ्या जनुकांचा डीएनएतील मजकूर, सुमारे दीड लाख अक्षरांचा असतो, आणि हे संच शेजारी ठेवून जुळवले, तर शंभरातील शहाण्णव-सत्त्याण्णव अक्षरे तंतोतंत जुळतात. शेळीच्या लशीमुळे तयार झालेली प्रतिकारशक्ती लम्पीच्या विषाणूलाही ओळखते, ती या साम्यामुळेच. मात्र इतके साम्य असूनही लम्पी शेळ्या-मेंढ्यांना सोडून गाई-म्हशींनाच का गाठते, हा पुढचा प्रश्न अधिक खोल आहे. लम्पीच्या विषाणूत अखंड असलेली नऊ जनुके मेंढी व शेळीच्या विषाणूंत मोडलेल्या अवस्थेत सापडतात. फेरफार झाल्यावर सातबाऱ्यावर जुने नाव कंसात राहते, वाचता येते, पण त्याचा जमिनीवर हक्क उरत नाही, तसाच हा प्रकार आहे. कोणत्या प्राण्याला आजारी पाडायचे आणि त्याची प्रतिकारशक्ती कशी चुकवायची, यांच्याशी ही जनुके निगडित असावीत, असे अभ्यासक मानतात.

माणसाची देवी, काउपॉक्स, मंकीपॉक्स आणि आपल्याकडे धार काढणाऱ्यांच्या हातांवर फोड आणणारी म्हशींची देवी हे याच कुळातील चुलत घराणे. (कांजिण्या मात्र या भावकीतल्या नाहीत, त्यांचा विषाणू नागिणीचा.) या घराण्यातही जनुकसंचाचा मधला भाग सगळ्यांमध्ये जवळपास सारखा असतो आणि भावकीचे तंटे जसे बांधावर, तसे बहुतेक फरक दोन्ही टोकांना आढळतात. काउपॉक्सचा संच सुमारे दोन लाख वीस हजार अक्षरांचा असून तो विषाणू अनेक प्राण्यांत शिरतो, तर देवीचा संच सुमारे एक लाख शहाऐंशी हजारांचा, आणि तो विषाणू केवळ माणसापुरता उरलेला. जनुके गमावल्याने विषाणू दुबळा होतो असे मानावे, तर देवीचा इतिहास नेमके उलटे सांगतो. १९८० मध्ये देवीचे उच्चाटन जाहीर झाले, तरी या कुळाचे काम संपलेले नाही, हे लम्पीने आणि मंकीपॉक्सने दाखवून दिले आहे.

आता वाटेविषयी. या अभ्यासात एक टोक गोठ्यात असते आणि दुसरे संगणकावर. गाठीवरची खपली नमुना म्हणून नीट घेतली गेली नाही, तर पुढची अक्षरजुळणी व्यर्थ जाते. म्हणून माझे मत पशुवैद्यकीयकडे झुकते. आपल्याच जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, प्रवेश ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो आणि पदवीला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात. संशोधनात मन रमले नाही, तरी लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होण्याचा मार्ग खुला राहतो. बायोटेक्नॉलॉजीच्या पदवीनंतर असा आधार क्वचितच मिळतो, आणि हे मी अनेक पालकांची नाराजी पत्करून सांगत आलो आहे. नीटमध्ये गुण कमी पडले, तर सूक्ष्मजीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजीची बी.एस्सी. करून पुढे एम.एस्सी. करता येईल.

पशुवैद्यकीय पदवीनंतर एम.व्ही.एस्सी. ही पदव्युत्तर पदवी दोन वर्षे आणि त्यापुढे पीएच.डी., म्हणजे एकूण दहा वर्षांहून अधिक काळ जाईल, हे आजच लक्षात घ्यावे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. तोपर्यंतचा भार मात्र बहुतांशी घरावरच असतो. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था ही या कामाची ठिकाणे आहेत. लम्पीवरील देशी लस हिस्सार आणि इज्जतनगर येथील शास्त्रज्ञांनी मिळून तयार केली, यावरून या ज्ञानाचा उपयोग आपल्या ध्यानी येईल.

मुलीने अकरावीत गणित सोडल्याचे आपण ओझरते लिहिले आहे. प्रवेशाला त्याची अडचण नाही, परंतु अक्षरजुळणीच्या कामात संख्याशास्त्र लागतेच, तेव्हा ते तिला पुढे शिकून घ्यावे लागेल.

बारावी आणि नीट आटोपल्यावर तिने एक काम करून पाहावे. या तिन्ही विषाणूंचे जनुकसंच इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. ते उतरवून घेऊन एकमेकांशी जुळवावेत आणि त्या नऊ मोडक्या जनुकांपैकी निदान एक स्वतः शोधावे. आठ-दहा दिवसांत कंटाळा आला, तर तिने जनावरांच्या उपचाराकडे वळावे. सापडले, तर मला पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे.