दिवाळीची रोषणाई दर्शनी भिंतीवर सोडताना

प्रश्न : आमच्या दुमजली बंगल्याच्या गच्चीवरून दिवाळीत एलईडी माळांचा पडदा खालपर्यंत सोडायचा आहे. खिळे न ठोकता तो कसा बसवावा आणि वीजजोडणी कुठून घ्यावी?

उत्तर : माळेचा भार तिच्याच वायरवर येऊ देऊ नये. गच्चीच्या रेलिंगला प्लास्टिकचे आवरण असलेली तार ताणून बांधावी आणि माळा तिला केबल टायने अडकवाव्यात. टाय मात्र वायर दबेल इतका आवळू नये. कठड्याच्या माथ्यावर ड्रिल मारणे टाळाच, कारण वॉटरप्रूफिंगला पडलेले छिद्र पुढच्या पावसाळ्यात गळू लागते.

एलईडी माळा वीज फार कमी घेतात, त्यामुळे खरा धोका वीजभाराचा नसून ओलाव्याचा आहे, आणि परतीचा पाऊस दिवाळीची खरेदी झाली की नाही हे पाहून येत नाही. म्हणून आयपी ६५ दर्जाच्या, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न शिरू देणाऱ्या, माळा घ्याव्यात, प्लग आणि अ‍ॅडॅप्टर आडोशाला ठेवावेत, आणि ज्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे तिथूनच जोडणी घ्यावी. प्लगपाशी पोहोचण्याआधी वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी तिथेच ठिबकते. सेलोटेपने गुंडाळलेला जोड मात्र आम्हांला कोरड्या हवेतही मान्य नाही.