शाळा उघडायला पंधरा दिवस उरलेत, गावाकडे लहान लेकरांसोबत काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, तुम्ही दोघं नवरा-बायको पेरणीच्या तयारीत, घरी सासूबाई. लेकरं दिवसभर मोबाइल घेऊन बसतात आणि सुट्टी अशीच संपणार म्हणून जीव चुटपुटतो.

माझं म्हणणं असं की यासाठी वेगळे ‘उपक्रम’ शोधायची गरज नाही. मृग लागला की गावातलं प्रत्येक घर कामाला लागतं. त्याच कामातला लेकरांना पेलेल इतका, पण खरा वाटा त्यांना काढून द्या. मुलांना खोटं काम लगेच ओळखू येतं आणि ती ते दहा मिनिटांत टाकून देतात. ज्याच्या उत्तराची बाबा वाट पाहतोय असं काम मात्र आठवडाभर टिकतं.

आधी दिवसाची मांडणी. सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर बाहेर, अकरा ते चार घरात. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, गेला म्हणजे ऊन गेलं असं बरेच जण धरून चालतात. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग येतात, हवा दमट होते आणि घाम अंगावर वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, म्हणून पारा उतरलेला असूनही लेकरं जास्त लवकर दमतात. खेळताना तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासानं चार घोट पाणी द्या. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, गूळ सव्वा वाटी, पाऊण चमचा मीठ, पाच-सहा पेले पाणी. जुलाब-उलट्या झाल्या तर दवाखान्यातल्या ओआरएसची पुडी आणा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, याहून जास्त मीठ नको. कांदा खिशात ठेवल्यानं ऊन लागायचं राहत नाही. अंग तापलंय, लेकरू सुस्त पडलंय किंवा बरळतंय असं दिसलं तर सावलीत घ्या, ओल्या कपड्यानं अंग पुसा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

कुलरबद्दल दोन गोष्टी. दमट हवेत बंद खोलीतला कुलर गारवा देत नाही, उलट ओल वाढवतो. समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: पत्र्याच्या कुलरला करंट उतरून गावोगावी अपघात होतात. अर्थिंग तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढा आणि लेकरांना कुलरला हात लावू देऊ नका.

आता कामं. मुलासाठी सगळ्यात भारी काम म्हणजे सोयाबीनची उगवण तपासणी. घरचं, औषध न लावलेलं बियाणं असेल तरच हे करा. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करायचा आणि पिळायचा. त्यावर सरसकट उचललेले १०० दाणे दहा-दहाच्या दहा ओळींत, बोटाएवढं अंतर ठेवून मांडायचे. चांगले टपोरे दाणे निवडायचे नाहीत, नाहीतर उत्तर खोटं येतं. हे मुलाला आधीच समजावून सांगा, कारण त्याचा हात आपोआप टपोऱ्याकडेच जाणार. वरून दुसरा ओला तुकडा टाकायचा, अलगद गुंडाळी करून दोन्ही टोकं सुतळीनं सैल बांधायची आणि सावलीत ठेवायची. रोज सकाळ-संध्याकाळ हातानं पाणी शिंपडायचं. हे चार वर्षांच्या मुलीचं काम. पाणी ओतलं की दाणे कुजतात, म्हणून तिच्या हातात तांब्या देऊ नका, वाटी द्या. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून मोड धड आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो या नेहमीच्या मापानं पेरता येतं. त्याहून कमी निघाले तर बियाणं वाढवावं लागतं आणि फारच कमी निघाले तर बदलावं लागतं. सोयाबीनचं साल पातळ असतं, पोतं आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो, म्हणून दाणे फेकू नका हेही त्याला याच वेळी सांगता येतं. निकाल बाबाला मुलानंच द्यायचा.

दुसरं काम पाऊस मोजायचं. दोन लिटरची बाटली घ्या, मात्र मधे कंबर नसलेली, सरळ भिंतीची. खांद्याखाली जिथं भिंत सरळ होते तिथं कापा (कापायचं काम तुमचं) आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. त्यानं पाणी उन्हानं कमी उडतं आणि काडीकचराही कमी पडतो. बाटलीचा तळ वाकडातिकडा असतो, म्हणून भिंत सरळ सुरू होते तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथं पट्टीचा शून्य येईल अशी प्लास्टिकची पट्टी बाहेरून चिकटवा. बाटली चार विटांच्या मधे, तोंड जमिनीपासून फूटभर उंच राहील अशी ठेवा. नाहीतर पहिल्याच वावटळीत ती लोळते आणि मुलाचं मन खट्टू होतं. झाड आणि छपरीपासून दूर ठेवा, वळचणीचं पाणी त्यात पडलं तर सगळं माप बिघडतं. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला आकडा वाचायचा, वहीत तारखेसमोर लिहायचा, पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे अंगणात खडूनं चौकोन आखून दाखवता येतं. कृषी खातं दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. तेव्हा मुलाची बेरीज ७५ ला पोचते का, याकडे सगळं घर डोळे लावून बसेल. दुबार पेरणीची झळ सोसलेल्या घरात त्या वहीचं मोल वेगळं सांगायला नको.

गावरान आंब्याच्या कोयी आत्ताच लावायच्या, कारण कोय वाळली की ती मरते. गर धुऊन काढा, दोन दिवस सावलीत ठेवा आणि आठवडाभरात लावा. तेलाच्या रिकाम्या पिशव्या साबणानं धुऊन तळाला आठ-दहा भोकं पाडा. नुसती काळी माती भरली तर पाणी धरते आणि वाळल्यावर दगड होते. दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत असं मिसळा. कोयीची फुगीर कड वर ठेवून वर इंचभर माती घाला. उलटी पडली तर कोंब वळसा घेऊन वाकडा वर येतो. दोन-तीन आठवड्यांत रोप दिसतं. सुरुवातीची पानं तांबूस आणि लोंबकळलेली असतात. रोप मेलं समजून लेकरं ते उपटतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. खार आणि उंदीर कोयी उकरतात, पिशव्यांवर बोराटीची फांदी टाका.

निंबोळ्या पिवळ्या होऊन पडायला लागल्या असतील तर त्या वेचणं चार वर्षांच्या मुलीलाही जमतं. बादलीत चोळून गर काढा, बिया सावलीत वाळवा, पोत्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या तर बुरशी येते. कपाशीवर फवारायचा ५ टक्के निंबोळी अर्क करायला १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीचा चुरा लागतो, तेव्हा लेकरांची टोपली खरोखर घरच्या कामी येते. रोपं करायची असतील तर दोन-तीन आठवड्यांच्या आत पेरा, नंतर उगवण झपाट्यानं घटते. बी मात्र लहान मुलांच्या पोटात जाऊ देऊ नका, त्यातलं तेल त्यांना बाधतं.

दुपारसाठी मातीचे बैल. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला, अजून वेळ आहे, पण माती आत्ता कोरडी मिळते. आपल्या काळ्या मातीचा बैल दुसऱ्या दिवशी तडकतो, कारण ही माती ओलीनं फुगते आणि वाळताना आकसते. यावर उपाय म्हणजे दोन भाग चाळलेली माती, एक भाग बारीक रेती आणि मूठभर बारीक कुटार (भुसा). कणकेपेक्षा घट्ट मळा आणि रात्रभर ओल्या फडक्यात ठेवा. पायांच्या आत तुराटीचे तुकडे घाला, नाहीतर पोटाच्या वजनानं पाय बसतात. शिंगं आणि वशिंड जोडताना दोन्हीकडे काडीनं ओरखडे पाडून पातळ चिखल लावा. पहिला दिवस फडक्याखाली, मग चार-पाच दिवस सावलीत. लेकरं घाईनं उन्हात ठेवतात आणि तिथंच बैल फुटतो.

सासूबाईंना अष्टचंग हा पटावरचा खेळ येत असेल तर दुपार त्यांच्या हाती सोपवा. चार चिंचोके ओट्याच्या खरबरीत दगडावर एका बाजूनं पांढरे होईस्तोवर घासायचे, यातच एक दुपार जाते. पाच बाय पाच घरांचा पट खडूनं आखा. जितके पांढरे वर तितकी घरं, चारही काळे पडले तर आठ. मुलीला चिंचोका तोंडात घालायची सवय असेल तर तिच्यावर लक्ष हवं. मोबाइल हिसकावून घेतला तर रडारड ठरलेली. समोर चालू खेळ असेल तर तो बहुतेक वेळा आपोआप बाजूला पडतो. उरलेला वेळ घड्याळ लावून ठरवा, जेवताना आणि झोपताना नाही.

छपरीच्या कडेला, जिथं पाऊस पडत नाही अशा मऊ धुळीत नरसाळ्यासारखे बोटभर खड्डे दिसतील. पहिल्या पावसाच्या ओलीनं ते मोडतात, म्हणून आत्ताच दाखवा. पालथं पडून, श्वास रोखून, गवताच्या काडीनं काठावरचा एक कण खाली सोडायचा. तळातून धुळीची चिमूट वर उडते, कारण आत दडलेली अळी घसरणाऱ्या मुंगीला खाली पाडायला माती फेकत असते. पाऊस चांगला झाला की एक-दोन दिवसांत वावरात लाल मखमली मृगाचे किडे निघतात. तळहातावर घेतला की तो पाय पोटाशी ओढून गोळा होतो आणि जरा वेळानं पुढचे दोन पाय बाहेर काढून चालायला लागतो. पाहा आणि जिथला तिथं सोडा, डबीत कोंडला की मरतो.

आता धोक्यांचं, आणि यात हयगय नको. या दिवसांत घरात बियाणं येतं. कपाशीचं बियाणं औषध लावलेलं आणि रंगीत असतं, लहान मुलांना ते गोळ्यांसारखं दिसतं. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवा. औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. शेततळ्याच्या प्लास्टिकवर ओला पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. कुंपण घाला आणि काठाला खुंटीशी बांधलेला दोर आत सोडून ठेवा. पऱ्हाटीच्या ढिगात, गोवऱ्यांत, कौलांत लेकरांनी हात घालायचा नाही, कारण पावसाच्या तोंडावर साप-विंचू तिथंच असतात. रात्री खाली झोपवू नका. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवा. मण्यार रात्री चावते, बऱ्याचदा दुखतही नाही आणि सूजही येत नाही. पहाटे लेकरू पोट दुखतं म्हणालं आणि पापण्या जड दिसल्या तर वेळ न घालवता सरळ दवाखाना. वीज चमकल्यावर तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वावरातून पक्क्या घरात यायचं, झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. फोनवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप ठेवा.

शाळेची तयारी शेवटच्या दोन दिवसांवर ढकलू नका. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात आणि उघडल्यावर ऊन असलं तर सुरुवातीचे दिवस बऱ्याचदा सकाळपाळी असते. उशिरा उठायची सवय एका दिवसात मोडत नाही. आजपासून रोज पंधरा मिनिटं लवकर झोपवा आणि पंधरा मिनिटं लवकर उठवा, चार-पाच दिवसांत तासाभराचा फरक पडतो. पावसाची वही चालू असेल तर लिहायचा हात आपोआप सुटतो, वेगळा अभ्यास नको. बूट, चप्पल आणि गणवेश आजच घालून पाहा, सुट्टीत पाय वाढलेला असतो. शनिवारी-रविवारी दुकानात गर्दी उसळायच्या आधी आठवडी बाजाराच्या दिवशी लागेल ते आणता येईल.