भाषेविषयी वाचकांचे प्रश्न : ‘रेझिग्नेशन’ उर्दूतून शिकवावे का?

प्रश्न : मी फोंड्याजवळच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. ‘रेझिग्नेशन’ म्हणजे राजीनामा, असे वर्गात सांगितल्यावर घरी उर्दू बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने जमिनीवरून भांडणाऱ्या दोन भावांनी ‘रेझिग्नेशन’ केले, असे वाक्य लिहिले. तिला हा शब्द उर्दूतून समजावून द्यावा का, की त्याने गोंधळ वाढेल?
– एक शिक्षिका

उत्तर : अवश्य समजावून द्यावा. मुलीने हे वाक्य निष्काळजीपणे लिहिलेले नाही. उर्दूत ‘राज़ीनामा’ म्हणजे दोन्ही पक्षांनी राजी होऊन केलेला समझोता, आणि शब्दाची फारसी घडण पाहता हाच अर्थ अधिक सरळ आहे. जुन्या मुंबई इलाख्यात जमीन स्वखुशीने सोडणारा खातेदार राजीनामा देत असे व ती घेणारा कबुलायत लिहून देत असे. अशा व्यवहारांतूनच मराठीत ‘आपण होऊन सोडणे’ हा अर्थ बळावला आणि पुढे तो पदालाही लागू झाला असावा. कोकणीतला ‘राजिनामो’ आणि शेजारच्या कन्नडमधला ‘राजीनामे’ हे शब्दही पद सोडण्याचेच आहेत, त्यामुळे गोव्यातल्या या मुलीला घराबाहेर एक अर्थ ऐकू येतो आणि घरात दुसरा.

पद सोडण्याला उर्दूत ‘इस्तीफ़ा’ म्हणतात. आपला ‘माफ’ हा शब्द ज्या अरबी धातूतून आला, त्याच धातूतून हाही आला असून जबाबदारीतून मोकळे करण्याची विनंती हा त्याचा मूळ अर्थ आहे. उर्दूत ‘ओहदे से इस्तीफ़ा’ देतात, तसे इंग्रजीत ‘रिझाइन’पुढे ‘फ्रॉम’ येते. इस्तीफ़ा ‘पेश’ होतो आणि ‘मंज़ूर’ होतो, तसेच ‘रेझिग्नेशन’ ‘सबमिट’ केले जाते आणि ‘अ‍ॅक्सेप्ट’ होते. शब्दासोबत त्याची क्रियापदेही अशी हाती लागतात, हा उर्दूतून शिकण्याचा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

या शब्दाची दुसरी बाजू मराठी मुलांनाच अधिक अवघड जाते. ‘रिझाइन्ड टू हिज फेट’ या प्रयोगात पदाचा संबंधच नाही. जे वाट्याला आले ते निमूटपणे स्वीकारणे, एवढेच त्यात आहे, आणि तेथे ‘राजीनामा’ हा पर्याय काहीच उलगडून दाखवत नाही. उर्दूत मात्र ‘तस्लीम’ आणि ‘रज़ा’ हे शब्द तयार आहेत, आणि हा ‘रज़ा’ ‘राज़ी’च्याच कुळातला आहे. ईश्वरेच्छेपुढे संतोषाने मान तुकवणाऱ्याला ‘राज़ी-ब-रज़ा’ म्हणतात. येथे एक सावधगिरी हवी : ‘रज़ा’मध्ये समाधान असते, तर इंग्रजी ‘रिझाइन्ड’मध्ये बहुधा नाइलाज असतो, म्हणून तिला ‘मजबूरी’ची छटाही सांगावी. या अर्थी पुढे ‘फ्रॉम’ नव्हे, ‘टू’ येते, हेही फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावे.

दोन्ही भाषांत वेगळ्या अर्थांनी नांदणारे आणखीही शब्द आहेत. मराठी ‘हरकत’ म्हणजे आक्षेप, उर्दूत हालचाल किंवा कृत्य. मराठी ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे, उर्दूत वादावादी किंवा पुनरुक्ती. त्यामुळे ‘ऑब्जेक्शन’साठी ‘एतराज़’ आणि ‘कम्प्लेंट’साठी ‘शिकायत’ हे उर्दू शब्द तिला द्यावेत. आणि तिच्या मनातल्या त्या दोन भावांसाठी योग्य इंग्रजी शब्द ‘सेटलमेंट’ हा आहे : ‘द ब्रदर्स रीच्ड अ सेटलमेंट.’