किरकोळ, किरकोळ, किरकोळ

प्रश्न : ताई, आमच्या लग्नाला ५ वर्षं झाली, मुलगी ३ वर्षांची आहे. दोघंही नोकरी करतो. ४ महिन्यांपूर्वी ठरवलं की यापुढे विचार करूनच खर्च करायचा आणि घरात येणारी प्रत्येक वस्तू लिहून ठेवायची. नवऱ्याने मोबाइलवर तक्ता बनवला, त्यात २३ खाती पाडली. पहिला महिना मजेत गेला. आता तो रोज रात्री तक्ता उघडतो आणि विचारतो, "हे कशाला घेतलं?" रागावत नाही, आवाजही चढवत नाही, पण मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. गेल्या महिन्यात मुलीसाठी मेणाच्या रंगांची पेटी घेतली, ती मुद्दाम रोख देऊन, म्हणजे तक्त्यात यायला नको. पेटी महागही नव्हती. नंतर माझी मलाच लाज वाटली. खर्च थोडा आटोक्यात आलाय हे खरं. पण हे असंच चालू ठेवायचं का?

उत्तर : रंगांच्या पेटीचं फार मनाला लावून घेऊ नका. याहून मोठी लपवाछपवी मी पाहिली आहे, आणि ती माझ्याच घरात झाली होती.

लग्नानंतर बरीच वर्षं आमच्या घरचा जमाखर्च मी सांभाळायचे. नोकरीही हिशेब खात्यातली. दिवसभर लोकांच्या पावत्या तपासायच्या आणि रात्री घरी येऊन नवऱ्याच्या. लाल पुठ्ठ्याची लांबट वही होती, त्याने आणलेलं तो स्वतःच त्यात लिहायचा. त्या वहीचं एक पान मी अजून जपून ठेवलं आहे. एका महिन्यात त्याच्या तिरक्या अक्षरात ११ वेळा एकच शब्द : किरकोळ. पुढे रक्कम, आणि पुढच्या ओळीत पुन्हा किरकोळ. अकरांची बेरीज केली तर महिन्याच्या खर्चाचा जवळजवळ आठवा हिस्सा. मी विचारलं, हे काय आहे? तर म्हणाला, "किरकोळ म्हणजे किरकोळ."

वर्षभराने माळ्यावर एक खोकं सापडलं. आत जुन्या रेडिओंचे सुटे भाग, तांब्याच्या तारेची रिळं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सोल्डरिंग आयर्न. संध्याकाळी एका मित्राकडे बसून हा माणूस लोकांचे बंद पडलेले रेडिओ दुरुस्त करत होता. हौस म्हणून, फुकट. व्यसन नाही, कर्ज नाही, काही नाही. माझ्या "कशाला?"ला उत्तर देण्यापेक्षा त्याला "किरकोळ" लिहिणं सोपं वाटलं, एवढंच.

मी समजत होते की मी हिशेब लिहिते आहे. प्रत्यक्षात मी हिशेब मागत होते. ऑफिसात लिहिणारा आणि तपासणारा वेगळे असतात, आणि तपासनीस संध्याकाळी आपल्या घरी जातो. घरच्या तपासनिसाशेजारी रात्री झोपायचं असतं.

तेव्हा लिहिणं सोडू नका, रोजची ती तपासणी तेवढी थांबवा. आठवड्यातून एकदा, मुलगी झोपल्यावर, २० मिनिटं बसा. दोघांनी आपापल्याच नोंदी वाचायच्या. "हे पुन्हा घेतलं नसतं" असं प्रत्येकाने स्वतःच्या खरेदीबद्दल सांगायचं, दुसऱ्याच्या नोंदीवर चकार शब्द काढायचा नाही. पहिले दोन-तीन आठवडे जीभ चावावी लागेल. (तुमच्या यजमानांना जास्त.)

शिवाय दोघांनी मिळून एक रक्कम ठरवा. तिच्या आतली खरेदी कुणी कुणाला विचारायची नाही, लिहून मोकळं व्हायचं. तिच्या वरची खरेदी करण्याआधी बोलायचं. आधी बोललं तर सल्लामसलत होते, नंतर विचारलं की उलटतपासणी. रंगांची पेटी या मर्यादेच्या आत कुठल्याही घरात सहज बसेल.

याखेरीज दर महिन्याला दोघांना सारखी रक्कम हातखर्चाला. पगार कमी-जास्त असले तरी रक्कम सारखीच. तक्त्यात तिच्या दोनच ओळी येतील, "तिचे" आणि "त्याचे". त्यातून कोण काय घेतं हे तक्त्याला कळण्याची गरज नाही. आमच्याकडे ही ओळ सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात "किरकोळ" ११ वरून २ वर आलं, आणि रेडिओ माळ्यावरून खाली टेबलावर आले. टेबलाला डाग पडले ते वेगळं.

आता ती २३ खाती. एवढी खाती लहानशा कारखान्याला पुरतात. ६-७ ठेवा : घर, किराणा, प्रवास, औषधपाणी, मुलगी, हातखर्च, किरकोळ. किरकोळ खातं राहू द्या, ते बंद केलं तर माणसं खोटं लिहायला लागतात. पण त्याच्यावर नजर असू द्या. माझा स्वतःचा आडाखा असा की ते एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांवर गेलं की आत काहीतरी आहे, ज्याला स्वतःचं नाव हवंय. ते काय, हे शोधताना मात्र माझ्यासारखं माळ्यावर चढू नका, सरळ विचारा.

एक गोष्ट यजमानांना वाचून दाखवा. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची छापील वही काढली. तिथे अशा वहीला काकेइबो म्हणतात, शब्दाचा अर्थ घरच्या हिशेबाची वही इतका साधा आहे. हल्ली काही गूढ विद्या असल्यासारखं त्याबद्दल बोललं जातं, तसं त्यात काही नाही. मला आवडतो तो त्यातला क्रम. महिना सुरू होताना आधी लिहायचं, येणार किती आणि बाजूला किती टाकायचं. उरलेल्यात खर्च बसवायचा. तुमचा तक्ता खर्चापासून सुरू होतो, म्हणून "कशाला?" हा प्रश्न पैसे गेल्यावर येतो. तो महिन्याच्या १ तारखेला, दोघांनी मिळून, पुढच्या महिन्याला विचारला तर त्यात कुणीच आरोपी नसतो.

प्रश्न : मी वही नेमाने लिहितो, पण महिनाअखेर वहीतली शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक जुळत नाही. गेल्या महिन्यात ५४चा फरक आला, त्याआधी १८चा. चूक शोधण्यात सुट्टीची दुपार जाते आणि बायको म्हणते, एवढ्यासाठी? सोडून द्यावं का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण ५४ आणि १८ या दोन्ही संख्यांना ९ने भाग जातो. हिशेब खात्यातल्या कुठल्याही मुरलेल्या माणसाला हे आकडे दाखवा, तो वही न उघडता म्हणेल, आकडे उलटे पडलेत.

३८२ लिहायचे होते, हातून ३२८ पडले. फरक ५४. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरकाला ९ने भाग जातोच, कारण दहाच्या घरातला अंक एकच्या घरात गेला की रक्कम त्या अंकाच्या ९ पट घटते, आणि एकच्या घरातला वर गेला की त्या अंकाच्या ९ पट वाढते. पुढची गंमत अशी : ५४ला ९ने भागलं की ६. म्हणजे ज्या दोन अंकांत ६चा फरक आहे ते शोधा. ८ आणि २, ७ आणि १, ९ आणि ३. १८ असेल तर २चा फरक : ५ आणि ३, ६ आणि ४. अख्खं पान वाचायची गरज नाही, बोट फिरवत जायचं.

तिथे नाही सापडलं तर फरक निम्मा करा. ५४चे २७. वहीत २७ची नोंद आहे का पाहा. परत केलेल्या वस्तूचे पैसे जमेला धरायचे ते खर्चात लिहिले गेले, तर फरक बरोबर दुप्पट येतो.

तिथेही नाही? मग १५ मिनिटं झाली की "तफावत" असं लिहून ती रक्कम टाका आणि पान उलटा. ऑफिसात मला हे कधी करता आलं नाही, एकदा अगदी क्षुल्लक फरकासाठी आम्ही चौघं रात्री ९ वाजेपर्यंत बसलो होतो. घरी करता येतं. बायको म्हणते ते बरोबर आहे.

प्रश्न : आमचं बाळ ८ महिन्यांचं आहे. रात्री त्याला मांडीवर घेऊन बसलं की फोनवर काही ना काही मागवलं जातं. पैसे दिल्याचं जाणवतही नाही. काल कपाट आवरलं तर ९ कपडे असे निघाले की एकदाही न घालता लहान झालेत. नोंद ठेवून याला आळा बसेल का?

उत्तर : नोंद ठेवाल, पण ती सकाळी. खरेदी झालेली असते रात्री २ वाजता, एका हाताने, अर्धवट झोपेत.

जाणवत नाही म्हणता त्याची गोष्ट अशी. द्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या एका सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितलं. काहींना सांगितलं पैसे रोख द्यायचे, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांची बोली साधारण दुप्पट निघाली. तिकिटं तीच, विद्यार्थीही त्याच वर्गातले. नोटा मोजताना हात आखडतो, आणि फोनवर आखडायला काही हातात नसतं. म्हणून तो अडथळा आपणच तयार करायचा. फोनमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका. रात्री सुचलेलं सगळं कागदावर, तारीख घालून. मागवायचं ते आंघोळ झाल्यावर, उजेडात. निम्मी यादी तुम्हीच खोडाल. आमच्या सुनेने तिच्या बाळंतपणानंतर असं केलं, तिच्या यादीत एका ओळीवर नुसतंच "ते निळं" लिहिलेलं होतं. काय निळं, ते तिला आजतागायत आठवलेलं नाही.

कपड्यांचं म्हणाल तर पहिल्या वर्षात बाळाची लांबी साधारण २५ सेंटिमीटरने वाढते, वजन जन्माच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास जातं. त्या वेगाशी कुठलंही कपाट स्पर्धा करू शकत नाही. या वयात एका मापाचे कपडे काही आठवडेच पुरतात, तेव्हा वापरलेले मागून घ्यायला संकोच करू नका, आणि तुमचे ते ९ आजच कुणाला तरी देऊन टाका, नाहीतर ज्याला द्यायचे ते बाळही मोठं होईल. गाडीत बाळाला बसवायची सीट मात्र, तिचा इतिहास माहीत नसेल तर, जुनी घेऊ नका. अपघातात सापडलेली सीट बाहेरून धड दिसते, आतून कमजोर झालेली असू शकते.

वहीत एक रकाना वाढवा, "किती वेळा घातलं". काड्या मारत जा. दोन महिन्यांत कळेल की बाळाला लागतात ४-५च कपडे, तेच धुऊन तेच.

एक दुरुस्ती : मागच्या अंकात मी एका वाचकाला सांगितलं होतं की आठवड्याच्या खर्चाला ४ने गुणलं की महिन्याचा अंदाज मिळतो. एका वाचकबाईंनी पत्र पाठवून कान धरला. वर्षात ५२ आठवडे, माझ्या पद्धतीने १२ महिन्यांचे होतात ४८. म्हणजे वर्षातले ४ आठवडे मी त्या कुटुंबाला जेवायला-खायला काही दिलंच नाही, आणि वर्षाचा अंदाज का कोसळतो याचं उत्तर ते बिचारे स्वतःच्या उधळेपणात शोधत बसले असते. आठवड्याचा खर्च गुणिले ५२, भागिले १२. म्हणजे ४ नाही, सव्वाचारच्या थोडं वर. ३१ वर्षं हिशेब खात्यात काढून ही चूक. अंक हाताशी असेल तर ती ओळ खोडा आणि शेजारी ४.३३ लिहा.